अर्धं नाव

आमच्याकडे हिवाळ्यात रात्री दहाला वीज जाते ती पहाटे पाचला येते. याची तक्रार कुणी करत नाही, उलट वेळेवर जाते याचं कौतुकच असतं. त्या रात्री मात्र पंधरा मिनिटं आधीच गेली. मी शिरीनला पाजत होते. अंधार झाल्याबरोबर माझा हात आधी तिच्या नाकाखाली गेला. श्वास चालू होता. चालू असणारच, पोर दूध पीत होती.

"सूनबाई, पळून नाही जायची ती," अंधारातून सासूबाई म्हणाल्या. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण शिरीन झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत मी त्यांना पाठ झालेय.

आम्ही चौघं संदलीभोवती बसलो होतो. खाली निखारे, वर बुटकं मेज, त्यावर मोठी गोधडी आणि गोधडीत सगळ्यांचे पाय. सासूबाई, माझा दीर परविझ, मी, आणि मिर्झोकाका. काका माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं त्यांनी आमचं पंजाकेंत ते सरहद्दीपलीकडचं समरकंद अशी टॅक्सी चालवली. मध्ये आठ वर्षं सरहद्द बंद होती तेव्हा ते घरी बसून नुसते बोलत होते, आणि सासूबाईंच्या मते ती सवय सरहद्द उघडल्यावरही गेली नाही. माझा नवरा रशियात बांधकामावर असतो. त्याचा फोन नऊला येऊन गेला होता, म्हणजे माझा दिवस तसा संपलेलाच होता.

परविझ म्हणाला, "येत्या गुरुवारी मी ताश्कंदला निघतोय. एका भट्टीवर काम आहे, नान भाजायचं."

"उतरणार कुठं?" मी विचारलं. असले प्रश्न घरात मीच विचारते. "एखादी खोली आधी सांगून ठेव ना. हल्ली फोनवर होतं सगळं."

"पोचलो की बघू, वहिनी. तीस लाखांचं शहर. तिथं एका माणसाला आडवं व्हायला जागा नसेल होय?"

"आणि खोली कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या चुलतबहिणीचा, सलीमाचा मुलगा आहे तिथं. हा हॉटेलात राहिला तर सलीमा मला कुठल्या लग्नात तोंड वर काढू देईल का?"

काका जर्दाळूच्या बिया फोडत होते. तो टकटक आवाज थांबला.

"गुरुवारी नको जाऊस," ते म्हणाले. "बुधवारी जा, नाहीतर शुक्रवारी. गुरुवारची रात्र त्या शहरात छपराशिवाय काढू नये."

"का?"

"सैदमुरोदनं काढली होती."

"कुठला सैदमुरोद? वरच्या आळीतला, गिलाव्याची कामं करतो तो? ओर्झूचा बाप?" मी विचारलं. ओर्झू पहिलीत माझ्या वर्गात होती. शिरीन व्हायच्या आधी मी इथल्या शाळेत शिकवायचे.

"तोच. परतीच्या वाटेवर गाडीत त्यानं मला हे सांगितलं. मी पदरचा एक शब्द घालत नाही."

काका पदरचं घालतात हे गावाला माहीत आहे. आता हे लिहिताना मीही थोडं घालत असेन. पण दिवस, वेळ, आणि कोण काय बोललं, हे त्यांनी जसं सांगितलं तसंच ठेवलंय.

दोन हजार एकोणीस सालचा नोव्हेंबर, चौदा तारीख, गुरुवार. ओर्झू तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या हृदयाला भोक होतं. अंगणातून दारापर्यंत चालली तरी ओठ निळेजांभळे व्हायचे, काळी तुती खाल्ल्यासारखे. नवखी माणसं हसून विचारायची, "काय गं, कुणाच्या झाडावर चढलीस?" आणि मग कुणीतरी कोपर मारलं की गप्प व्हायची.

ताश्कंदच्या एका मोठ्या इस्पितळात बाहेरदेशचे डॉक्टर आठवडाभर येणार होते, लहान मुलांची हृदयं शिवायला, फुकट. यादी शुक्रवारी सकाळी आठला बंद व्हायची होती. कागद आणि एक्स-रेच्या फिल्म्स आईबापापैकी कुणीतरी स्वतः आणून द्यायच्या. तेच डॉक्टर पुन्हा दोन वर्षांनी येणार होते, आणि आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी सैदमुरोदला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही पोर दोन वर्षं थांबायची नाही.

"म्हणजे काम काय?" काका म्हणाले. "एक पिशवी न्यायची, एका खिडकीत द्यायची. शिकवलेलं कबुतरसुद्धा करेल."

काकांनीच त्याला सरहद्द ओलांडून समरकंदच्या स्टेशनवर सोडलं. वाटेत विचारलं, उतरणार कुठं? तो म्हणाला, बोबोजोनकडे. बोबोजोन आपल्या गावचा, पाच वर्षं ताश्कंदला गालिचे विकणारा. फोन केलास का? त्यावर सैदमुरोदनं काकांकडे असं पाहिलं, जणू काका काहीतरी अचकटविचकट बोलले.

"बरोबरच होतं त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "फोन करून जायचं म्हणजे 'कोंबडी कापून ठेव' म्हणून सांगायचं. शहाणा पाहुणा न सांगता जातो. मग पुढं नुसता चहा आला तरी कुणाची लाज जात नाही."

"तेच तर," काका म्हणाले. "शहाणा होता म्हणूनच फसला."

रात्री नऊला तो ताश्कंदला उतरला. वरून पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी पडत होतं. चिलोनझोर भागात एकासारख्या एक उंच इमारती आहेत, ओळीनं, किती ते मोजवत नाही. विचारत विचारत त्यानं बोबोजोनचं दार गाठलं. दाराला कुलूप. शेजारणीनं साखळी न काढता दार चार बोटं उघडलं.

"ते सगळे गेले कझाकस्तानला. वसंतात येतील," ती म्हणाली, आणि दार लागलं.

बोबोजोनचा फोन बंद होता.

मग पहिलं हॉटेल. काउंटरवरच्या पोरीनं त्याचं पारपत्र उघडलं.

"परदेशी?"

सैदमुरोदला हसूच आलं. परदेशी म्हणजे गळ्यात कॅमेरा घालून मिनारांकडे बघणारे जर्मन. "ताई, मी पंजाकेंतचा. तुमचं समरकंद माझ्या घरापासून तासाभरावर आहे."

"मग तासाभरावर परदेश आहे," पोरगी म्हणाली. "आमच्याकडे परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद होत नाही. ठेवता येणार नाही, अका. माफ करा."

त्याला अका म्हणाली. थोरला भाऊ म्हणाली, आणि पारपत्र परत केलं.

दुसऱ्या हॉटेलात नोंद होत होती, पण खोल्या कसल्याशा संमेलनाला गेलेल्या. तिसऱ्याचा रखवालदार बाहेरच आला नाही, काचेतूनच हात हलवला. मशिदीचं फाटक रात्रीच्या नमाजानंतर बंद झालं होतं. स्टेशनात तिकिटाशिवाय आत घेत नाहीत. एका चहावाल्यानं भांडी घासता घासता त्याचं सगळं ऐकून घेतलं, उभ्याउभ्या एक वाटी चहा दिला, पैसे घेतले नाहीत. "घरी नेलं असतं रे भावा. पण नोंदीशिवाय परदेशी ठेवला तर उद्या हवालदार दारात. मलाही पोरं आहेत."

"त्या रात्री त्याला नाही म्हणणाऱ्यांत एकही माणूस वाईट नव्हता," काका म्हणाले. "हे ध्यानात ठेव, परविझ. वाईट माणूस भेटला तर निदान भांडता तरी येतं."



साडेदहाला त्याच्या बायकोचा फोन आला. तो एका बंद दुकानाच्या वळचणीखाली उभा होता, पिशवी कोटाच्या आत, छातीशी.

"पोचलात? जेवलात?"

"हो. बोबोजोननं पुलाव केला होता. छान ऊब आहे घरात."

"त्याच्या बायकोला सलाम सांगा. ही झोपत नाहीये, तुमच्याशी बोलायचं म्हणते."

मग ओर्झूचा आवाज आला. लागलेली धाप. "बाबा, तुमच्या शहरात आत्ता—"

फोन मेला. चार टक्के होते, तेही संपले.

तो तिथंच उभा राहिला. समोरच्या इमारतीत शंभरेक खिडक्या उजळलेल्या. प्रत्येक खिडकीमागं कुणीतरी कुणालातरी चहा देत असणार. ती पोर काय विचारत होती ते त्याला कधीच कळलं नाही. नंतर विचारलं तर तिलाही आठवेना.

इथं काकांनी निखारे उकरले. त्यांचा चेहरा खालून लाल दिसला आणि पुन्हा गेला. मी शिरीनला खांद्यावर घेतलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो पुन्हा त्या इमारतींकडे आला. बोबोजोनच्या जिन्यात तरी बसू, निदान डोक्यावर छप्पर असेल. पण जिने सगळे सारखे. बोबोजोनचाच हा जिना की शेजारचा, ते त्याला नक्की सांगता आलं नाही. खाली द्राक्षाच्या सुकलेल्या वेलाखाली बाक होतं. बाकावर एक म्हातारी बसली होती. अंगात साधा सुती झगा. पायात घरातल्या सपाता. त्या थंडीत.

"आलास?" ती म्हणाली. "किती उशीर."

त्याला वाटलं, कुणीतरी दुसरा समजतेय. "आजी, मी वाटसरू आहे. परका."

"परका म्हणूनच तर. घरचे कुठं येतात?" ती उठली. "चल."

नोंद, हवालदार, काही नाही. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पाहुण्याला आधी विचारत नाहीतच. त्यामुळे त्याला त्यात वावगं वाटलं नाही. उलट त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती पुढं, तो मागं. दिवा नव्हता. प्रत्येक मजल्यावर तापलेल्या तेलाचा वास कोंडून राहिला होता. गुरुवार होता ना.

हे आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती. शुक्रवारच्या आदल्या रात्री गेलेली माणसं आपापल्या घरी येतात, उंबऱ्यापाशी थांबतात, कुणी आठवण ठेवलीय का बघतात. त्यांना भाकरी लागत नाही, वासावर भागतं. म्हणून संध्याकाळी कढईत तेल तापवायचं, कणकेचा तुकडा सोडायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची. माझ्या सासूबाई दर गुरुवारी घेतात, सासऱ्यांपासून सुरू करून सात पिढ्या. मी शिकलेली, मला हे सगळं कुठं पटतं. पण त्या तेल ठेवतात तेव्हा मी शिरीनला घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाते. कारण जिवंत माणसाचं नाव त्या तेलावर चुकूनही घ्यायचं नसतं, आणि पोराला हाक मारायला माझ्या जिभेला कारण लागत नाही.

चौथ्या मजल्यावर म्हातारीचं दार होतं. तिथं वास नव्हता. अख्ख्या जिन्यात तेवढंच एक दार, वास नसलेलं.

आत गारठा. बाहेरच्यापेक्षा जास्त. तिनं मेणबत्तीचं बूड लावलं. एक खोली, एक स्वयंपाकघर. भिंतीवर तसबिरींच्या जागा होत्या, चौकोनी, फिकट. तसबिरी नव्हत्या.

"मुलं कुठं असतात, आजी?"

"लांब."

"येतात?"

"...तू आलास की."

तिनं त्याला गादी घालून दिली. चहा विचारला नाही. त्याला नवल वाटलं, पण वाटलं, गरिबी असेल.

"एक काम करशील, बाळा? माझे हात थरथरतात. जरा तेल तापव."

एवढंच ना. तो स्वयंपाकघरात गेला. कढई चुलीवरच होती, तेल कढईत. त्यानं काडी ओढली, चुलीला लावली. ज्योत दिसली नाही. पण तेल तापू लागलं. त्या वेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही. दिवसभराचा थकवा. आणि तो वास, घरचा. त्याला आपली आई आठवली.

म्हातारी मागं दारात उभी होती.

"आता नाव घे," ती म्हणाली.

"कुणाचं, आजी?"

ती कढईकडे बघत राहिली.

"तुमच्या मालकांचं? काय नाव होतं त्यांचं?"

"तुझ्या तोंडात जे असेल ते घे."

आता बघा. त्या माणसाच्या तोंडात सकाळपासून एकच नाव होतं. सरहद्दीवर शिपायाला सांगितलेलं. गाडीत मनाशी घोकलेलं, खिडकीवर नीट सांगता यावं म्हणून. ओर्झू सैदमुरोदोवा, वय चार. ओर्झू सैदमुरोदोवा, वय चार. दमलेलं तोंड मालकाला विचारत नाही.

"ओर्..." त्याचं तोंड म्हणालं.

मागं कुणीतरी श्वास आत घेतला. लांब. तहानलेला माणूस वाटी तोंडाला लावतो तसा.

तेलाचा आवाज थांबला.

त्यानं जीभ चावली. इतकी, की रक्त आलं. ती खूण अजून आहे म्हणतो.



"पुढे?" म्हातारी म्हणाली.



"पुढे, बाळा?"

पावलं वाजली नव्हती. पण आवाज आता कानाशी होता.

"अर्ध्या नावानं कुणाचं पोट भरतं का?"

त्यानं पिशवी छातीशी आवळली. तोंडातलं रक्त गिळलं. म्हणाला, "आजी... तुमचं नाव सांगा. तुमचं घेतो."

...

काका इथं थांबले.  

"मग?" शेवटी सासूबाईंनीच विचारलं. हळू.

मग म्हातारी म्हणाली, "माझं...?" आणि आठवायला लागली. ओठ हलत होते. एकदा वाटलं, आलं. पण नाही आलं. "कुणी घेतलंच नाही रे. किती वर्षं झाली. मलाच राहिलं नाही आता."

तिच्या तोंडावर राग नव्हता. वाटेत काहीतरी पडलं आणि कुठं पडलं ते आठवत नाही, असं तोंड.

तो भिंतीला धरून बाहेर आला. दार लोटलं. जिन्यात आला. आणि तिथंच बसला.

"तिथंच?" परविझ म्हणाला. "पळाला नाही?"

"कुठं?" काका म्हणाले. "सांग ना. कुठं पळायचं होतं त्यानं? तीस लाखांचं शहर. कुठं?"



जिन्यात, तिच्या दाराबाहेर, तिसऱ्या पायरीवर. रात्रभर. आणि दाराआडून आवाज येत होता.

ओर्...

मग गप्प.

ओर्... ओर्...

नवीन वाचायला शिकणारं पोर अक्षराशी अडतं तसा. पुढचं अक्षर शोधत होती ती. मध्येच चुकीचं जोडून बघायची. ओर्... मो. नाही. ओर्... ता. नाही. राग नाही, घाई नाही. रात्र मोठी होती.

त्याला झोप येत होती. आणि झोपेची भीती वाटत होती. झोपेत माणूस बरळतो. त्यानं टोपी काढली, तिचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. तसाच बसला. डोळे उघडे, तोंडात टोपी, कोटात पोरीचे कागद.

पहाटेच्या बांगेबरोबर आवाज थांबला.

उजेडात त्यानं दार पाहिलं. कडीला तार गुंडाळलेली. गंजलेली. वर कागदाची पट्टी चिकटवलेली, तीही पिवळी पडून निम्मी सुटलेली. रात्रीत ती तार कुणी सोडली नव्हती. पुन्हा कुणी गुंडाळलीही नव्हती.

तो धावत सुटला.

पावणेआठला इस्पितळाच्या खिडकीपाशी. पुढं बारा माणसं. मागं आणखी वीस. बाया, म्हातारे, कडेवर निळ्या ओठांची पोरं. आठला पाच मिनिटं असताना त्याची पाळी आली. खिडकीत चष्मेवाला कारकून होता. त्यानं कागद पाहिले, फिल्म्स उजेडाला धरल्या. "ठीक आहे," म्हणाला, आणि यादी ओढली.

मग त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे काय? एकच जागा उरलीय, आणि तिथं कुणीतरी लिहायला घेतलंय." त्यानं यादी फिरवून दाखवली. "कपाटाची किल्ली माझ्याकडे. काल सहाला मी स्वतः बंद केलं. ही ओळ कोरी होती."

सैदमुरोदनं वाकून पाहिलं.

शेवटच्या ओळीत दोन अक्षरं. जुन्या शाळेतलं वळण, बारीक, उजवीकडे कललेलं. थरथरत्या हाताचं.

ओर्

आणि पुढं कोरं.

"तुमच्याच मुलीचं का?" कारकून म्हणाला. "नाव काय तिचं?"



ही यादी कुणाची? ते सैदमुरोदला कळेना. शिवायच्या पोरांची, की...? रात्रभर ज्यासाठी तोंडात टोपी कोंबली, तेच आता स्वतःच्या तोंडानं पुरं करायचं. आणि नाही केलं तर?

"अहो, बोला. ओर्... पुढे?"

मागून एक बाई ओरडली, "नसेल सांगायचं तर सरका! माझ्या ओरिफचं लिहू दे!"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आठवर येत होता.

"पुढे?" कारकून म्हणाला.

"...झू," सैदमुरोद म्हणाला.

काकांनी मेजावरून हात फिरवून बियांची टरफलं गोळा केली. निखाऱ्यांवर टाकली. ती तडतडली.

"पुढच्या मंगळवारी शिवलं तिला," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "मीच नेली होती मायलेकींना गाडीतून. ऑपरेशनला सहा तास लागले. डॉक्टर बाहेर आला तो हसतच आला. आता पाचवीत आहे. परवा माझ्या गाडीवर बर्फाचा गोळा मारून पळाली कार्टी, मी गाठू शकलो नाही."

सासूबाईंनी अंधारात तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि त्या दुआ पुटपुटल्या.

"म्हणजे काहीच झालं नाही?" परविझनं विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक निघाला. "मागं काही राहिलं नाही?"

"काय राहायचंय? पोर ठणठणीत, बाप ठणठणीत. तो दर गुरुवारी त्या म्हातारीसाठी तेल तापवतो. नाव माहीत नाही, म्हणून 'चौथ्या मजल्यावरची आजी' म्हणतो. बस. संपलं." काका उठले, त्यांचे गुडघे वाजले. "तू शुक्रवारी जा."

"खोली सांगून जातो," परविझ म्हणाला. "वहिनी, तो फोनवरचा प्रकार मला उद्या दाखवा."

मी हो म्हणाले.  शिरीन खांद्यावर झोपली होती, आणि मी एकदाही तिचा श्वास तपासला नव्हता. माझं लक्षच नव्हतं.

कारण ओर्झू पहिलीत माझ्याकडे होती, हे मी आधी सांगितलंच. हुशार पोर, वहीत गोल, टपोरी अक्षरं काढायची. मी शिकवलेलीच. फक्त वहीवर स्वतःचं नाव लिहायची तेव्हा पहिली दोन अक्षरं वेगळीच यायची. बारीक. उजवीकडे कललेली. हल्ली शाळेत कुणी शिकवत नाही ते वळण. मला वाटलं, घरात कुणी म्हातारं माणूस हात धरून गिरवून घेत असेल. मी तिला रागावलेसुद्धा. वहीचं पान तीनदा नव्यानं लिहायला लावलं. तिसऱ्यांदा मी समोर उभी राहून तिच्या हाताकडे बघत होते. ती दोन अक्षरं काढताना तिचा हात थरथरत होता, सात वर्षांच्या पोरीचा हात. मग तो थांबायचा, आणि ती मान वर करून माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्यावरून जरा मागं बघत राहायची, कुणी काही सांगेपर्यंत.

माझ्या मागं फळा होता. ती फळ्याकडेच बघते, असं निदान त्या रात्रीपर्यंत मी धरून चालले होते.